बोलावणारा कोण? कल्याणच्या आनंदीबाईंपासून आजच्या स्पॉन्सर लायसन्सपर्यंत

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा या भागाचा मजकूर. बोललेलं जसंच्या तसं लिहिलं तर अर्धा वेळ 'म्हणजे बघा' आणि 'थांबा, गाडी जाऊ दे' एवढंच येतं, म्हणून थोडं साफसूफ केलंय. ठाकुर्लीत रूळांजवळ राहून रेकॉर्डिंग करणाऱ्याचं नशीब असंच असतं.

या भागाचा विषय मला घरातूनच मिळाला. माझी मामेबहीण एमबीबीएस झाली, इंटर्नशिप संपली, आणि एके रात्री तिने मला एक व्हॉट्सअ‍ॅप मेसेज पाठवला. इंग्लंडमधली एक जीपी प्रॅक्टिस, म्हणजे तिकडच्या फॅमिली डॉक्टरांचा दवाखाना, तिला स्पॉन्सर करायला तयार आहे. परीक्षा नको, थेट जॉइन व्हायचं. फक्त 'सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप'चे नऊ लाख रुपये एजंटला द्यायचे, त्यातले तीन आधी. मामीने बांगड्या गोल्ड लोनला ठेवायची तयारी केली होती. मला विचारलं, "दादा, हे खरं असेल ना रे?"

मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. मी डॉक्टर नाही, वकीलही नाही. मला इतिहासाचा नाद आहे. म्हणून मी माझ्या पद्धतीने शोध घेतला: परदेशातल्या डॉक्टरला कुणीतरी 'बोलावतं', ही गोष्ट मुळात सुरू कशी झाली? आणि शोधता शोधता पहिलंच उत्तर निघालं पुढच्या स्टेशनावर. कल्याणला.

एका वर्षातले दोन प्रवास

आनंदीबाई जोशींची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. कल्याणच्या गणपतराव जोशींची मुलगी यमुना, जन्म १८६५. नवव्या वर्षी लग्न, पोस्टात नोकरी करणारे गोपाळराव हे पती. चौदाव्या वर्षी बाळंतपण, आणि बाळ दहा दिवसांत गेलं. मग डॉक्टर व्हायचा निश्चय. सिनेमात आपण हे पाहिलंय. पण आज आपण तिच्या गोष्टीकडे जरा वेगळ्या बाजूने बघू. तिला अमेरिकेत बोलावलं कुणी?

गोपाळरावांनी आधी वाइल्डर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिलं होतं: माझ्या बायकोच्या शिक्षणाला मदत कराल का? उत्तर असं आलं की ख्रिस्ती व्हाल तर बघू. म्हणजे मदत होती, पण तिला अट चिकटलेली होती. वाइल्डरने हा पत्रव्यवहार आपल्या मिशनरी मासिकात छापला. तो अंक न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंच्या हाती पडला, दातांच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघताना. त्यांनी कल्याणच्या या मुलीला पत्र लिहिलं. पुढची दोन-तीन वर्षं पत्रं चालू राहिली, आणि नातं इतकं जुळलं की आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या.

एप्रिल १८८३ मध्ये आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. व्हिसा नव्हता, कारण त्यांना तो लागतच नव्हता. मग लागलं काय? उतरल्यावर राहायला घर, ते कार्पेंटरबाईंनी दिलं. कॉलेजात जागा आणि शिष्यवृत्ती, ती फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजच्या डीन रेचल बॉडली यांनी दिली, तीन वर्षांसाठी सहाशे डॉलर. बोटीच्या भाड्यासाठी आनंदीबाईंनी स्वतःच्या सोन्याच्या बांगड्या विकल्या. हा बांगड्यांचा मुद्दा लक्षात ठेवा, आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

आता गंमत बघा. त्याच १८८३ सालात उलट दिशेनेही एक प्रवास झाला. एक डॉक्टर इंग्लंडहून मुंबईत आली, आणि तिला आणलं मुंबईकरांनी!

मुंबईत तेव्हा अनेक बायका पुरुष डॉक्टरकडून तपासून घ्यायला तयार नसत, आणि बाई डॉक्टर मिळणं जवळजवळ अशक्य होतं. जॉर्ज किटरेज नावाचा एक अमेरिकन व्यापारी आणि सोराबजी शापुरजी बंगाली हे पारशी समाजसुधारक, या दोघांनी पुढाकार घेऊन एक फंड उभा केला. शहरातल्या लोकांनी वर्गणी दिली. कामं तीन ठरली: इंग्लंडहून बायका डॉक्टर आणायच्या, बायका-मुलांसाठी इस्पितळ बांधायचं, आणि इथल्या मुलींना वैद्यकीय शिक्षणाची दारं उघडायची. त्याप्रमाणे डिसेंबर १८८३ मध्ये डॉ. एडिथ पीची मुंबईत पोचल्या. त्यांच्या प्रवासाची आणि पगाराची हमी या फंडाने घेतली होती. पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून इस्पितळ उभं राहिलं, १८८६ मध्ये सुरू झालं. तेच आपलं सीएसएमटीजवळचं कामा हॉस्पिटल. ग्रँट मेडिकल कॉलेजात मुलींना प्रवेशही १८८३ पासूनच मिळू लागला.

म्हणजे परदेशी डॉक्टरला रीतसर बोलावून आणण्याचं काम मुंबईने एकशे चाळीस वर्षांपूर्वीच केलेलं आहे. त्यात पैसा कुणीकडून कुणीकडे गेला? ज्यांना डॉक्टर हवी होती त्यांनी दिला. डॉ. पीचींनी मुंबईतली जागा मिळवायला कुणाला काही मोजलं नाही.

आणि या गोष्टीची साखळी पुढेही जाते. लहानपणी लावलेलं लग्न नाकारून कोर्टात उभ्या राहिलेल्या रखमाबाई १८८९ मध्ये डॉक्टर व्हायला लंडनला गेल्या. त्यांना हिंमत आणि मदत देणाऱ्यांत याच डॉ. पीची होत्या. लंडनला राहायला मॅकलॅरन दांपत्याने आसरा दिला. शिकून परतल्यावर रखमाबाईंनी सुरतला बायकांच्या इस्पितळात वर्षानुवर्षं काम केलं. एका डॉक्टरला बोलावलं, तिने दुसरीला वाट दाखवली.

आनंदीबाईंनाही नोकरीचं बोलावणं आलं होतं. ११ मार्च १८८६ ला त्यांना एम.डी. मिळाली, आणि कोल्हापूर संस्थानाने अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री विभागाची जबाबदारी त्यांना देऊ केली. आजचं कोल्हापूरचं सीपीआर ते हेच. पण क्षयाने त्यांना गाठलं होतं. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या गेल्या, बाविसावं वर्ष पूर्ण होण्याआधी. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या गेल्या, आणि त्यांनी त्या न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी इथे आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या. बोलावणाऱ्याने जबाबदारी कुठपर्यंत निभवायची असते, हे या बाईंनी दाखवून दिलं.

जेव्हा डॉक्टरच हवे होते

आता आपण साठ-सत्तर वर्षं पुढे येऊ, आणि इंग्लंडात जाऊ. ५ जुलै १९४८ ला तिकडे एनएचएस सुरू झाली, म्हणजे सगळ्यांना सरकारी खर्चाने उपचार. पेशंट वाढले, डॉक्टर कमी पडू लागले. आपल्याकडे ग्रँट मेडिकल, केईएमचं जी. एस., नायर, पुण्याचं बी. जे. अशा कॉलेजांतून इंग्रजीत शिकलेले डॉक्टर बाहेर पडत होते. पदवी तिकडे मान्य होती. वर एफआरसीएस किंवा एमआरसीपी करून यायची हौस. अनेकांनी बोट पकडली, नंतर विमान.

१९६२ मध्ये ब्रिटनने राष्ट्रकुलातल्या लोकांच्या येण्यावर पहिल्यांदा मर्यादा घातली. त्या कायद्यात व्हाउचरची पद्धत होती. 'ए' व्हाउचर म्हणजे तिकडच्या मालकाने ठरलेली नोकरी दिलेली. 'बी' म्हणजे तुमच्याकडे त्यांना हवं असलेलं कौशल्य आहे. 'सी' म्हणजे बाकीचे सगळे. डॉक्टर मोडायचे 'बी'मध्ये. म्हणजे विशिष्ट मालक नसला तरी चालत होतं. देशच म्हणत होता, तुम्ही या!

पण दार उघडलं म्हणजे माडी मिळाली असं नाही. मोठ्या इस्पितळातल्या मानाच्या जागा सहसा तिकडच्यांनाच मिळायच्या. आपल्याकडच्यांच्या वाट्याला आलं म्हाताऱ्यांचं वैद्यक, मनोरुग्ण विभाग, आणि फॅमिली डॉक्टरकी, तीही वेल्सच्या कोळसा खाणींच्या खोऱ्यांत आणि उत्तरेच्या गिरण्यांच्या गावांत, जिथे इंग्रज डॉक्टर जायला राजी नव्हते. ज्युलियन सिम्पसन या इतिहासकाराने या डॉक्टरांवर पुस्तक लिहिलंय. त्याचं म्हणणं असं, की हे लोक एनएचएसचे नुसते कामगार नव्हते, ती उभारणाऱ्यांपैकीच होते. १९८० च्या दशकात तिथल्या जीपींपैकी साधारण १६ टक्के भारतीय उपखंडात जन्मलेले होते. विचार करा, आपल्या ओळखीच्या माणसासारखाच कुणीतरी लँकशायरच्या कापड गिरणीतल्या कामगाराचा खोकला तपासत होता.

मग दार हळूहळू लोटलं गेलं. १९७५ मध्ये तिथल्या जनरल मेडिकल कौन्सिलने भारतीय पदव्यांची थेट मान्यता काढली आणि बाहेरच्या डॉक्टरांसाठी परीक्षा आली. तिचंच आजचं रूप म्हणजे प्लॅब. १९८५ पासून पुढच्या प्रशिक्षणासाठी येणाऱ्या डॉक्टरांना ठरावीक वर्षं वर्क परमिटशिवाय राहता यायचं, तीही सोय २००६ मध्ये सरकारने एकाएकी बंद केली. प्लॅब पास होऊन, कर्ज काढून तिकडे पोचलेले डॉक्टर अधांतरी राहिले. भारतीय वंशाच्या डॉक्टरांची बापिओ ही संघटना कोर्टात गेली. ३० एप्रिल २००८ ला हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला, की तिकडे आधीच आलेल्या या डॉक्टरांना नोकरीत मागे ढकलणारी आरोग्य खात्याची सूचना बेकायदा होती. खटला जिंकला, पण जुनी सोय परत आली नाही.

दवाखान्याला लायसन्स

त्याच २००८ च्या अखेरीस आजची पद्धत आली. आता देश तुम्हाला बोलावत नाही, मालक बोलावतो. आणि बोलावण्याचा हक्क मिळवायला त्या मालकाला आधी लायसन्स काढावं लागतं. ऑगस्ट २०२० पासून डॉक्टर-नर्ससाठी हेल्थ अँड केअर व्हिसा आला. त्याची फी कमी आहे, आणि इतर व्हिसाधारकांना भरावा लागणारा आरोग्य अधिभार त्यात माफ आहे.

मोठ्या इस्पितळांना हे जड नाही, त्यांच्याकडे अख्खं एचआर खातं असतं. खरी अडचण होते जीपींची. ऐकून नवल वाटेल, पण एनएचएस सरकारी असली तरी जीपीचा दवाखाना बहुतेक वेळा सरकारी नसतो. १९४८ पासून फॅमिली डॉक्टर एनएचएसचं कंत्राट घेणारे स्वतंत्र व्यावसायिक राहिले. तीन-चार डॉक्टर भागीदार, एक मॅनेजर, दोन रिसेप्शनिस्ट, एवढा संसार. त्यामुळे परदेशी डॉक्टर ठेवायचा तर लायसन्स त्या एवढ्याशा दवाखान्यालाच काढायला लागतं.

ते कसं काढतात? दवाखाना तिथल्या गृहखात्याकडे, म्हणजे होम ऑफिसकडे, ऑनलाइन अर्ज करतो. आपण खरोखर चालू असलेला दवाखाना आहोत याचे कागद देतो: आरोग्य नियामकाकडची नोंदणी, पगारावरच्या कराची नोंद, विमा. कोण जबाबदार राहणार त्या माणसाचं नाव देतो. २०२५ मध्ये छोट्या संस्थेसाठी लायसन्सची फी ५७४ पौंड होती. बहुतेक अर्जांचा निकाल आठ आठवड्यांच्या आत लागतो. मग दवाखाना आपल्या ऑनलाइन खात्यातून त्या डॉक्टरच्या नावे सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप काढतो. नावात सर्टिफिकेट असलं तरी तो काही शिक्का मारलेला कागद नाही. ती संगणकातली नोंद असते, आणि तिचा एक नंबर असतो. तो नंबर घेऊन डॉक्टरने तीन महिन्यांच्या आत स्वतः व्हिसाचा अर्ज करायचा.

आणि काम तिथे संपत नाही. डॉक्टर न सांगता सलग दहा कामाचे दिवस गैरहजर राहिला, नोकरी सोडली, पगार बदलला, तर दवाखान्याने कळवायचं. नाही कळवलं तर लायसन्स जाऊ शकतं, आणि ते गेलं की त्यावर आलेल्या डॉक्टरचा व्हिसाही धोक्यात. स्पॉन्सर होणं म्हणजे दुसऱ्याच्या वतीने जामीन राहण्यासारखं आहे.

या पद्धतीतला एक तिढा तर फार बोलका आहे. तिकडे जीपी व्हायचं प्रशिक्षण तीन वर्षांचं असतं. त्या काळात एनएचएसचीच एक मध्यवर्ती संस्था स्पॉन्सर असते. पण तिकडे कायम राहण्याचा हक्क मिळायला या मार्गाने पाच वर्षं लागत आली आहेत. इस्पितळातल्या तज्ज्ञांचं प्रशिक्षणच लांब, त्यामुळे त्यांची पाच वर्षं त्यातच भरून निघतात. जीपी मात्र तिसऱ्या वर्षी पूर्ण तयार होतो आणि नेमका तेव्हाच त्याचा स्पॉन्सर संपतो. गावात डॉक्टर हवा, डॉक्टर शिकून तयार, आणि मध्ये अडचण काय, तर दवाखान्याकडे लायसन्स नाही! बोंबाबोंब झाल्यावर २०२३ मध्ये सरकारने प्रशिक्षणानंतर चार महिन्यांची जादा मुदत दिली, तेवढ्यात लायसन्सवाला दवाखाना शोधायचा.

मला यात एक गोष्ट लागून राहिली. यातले कितीतरी दवाखाने साठ-सत्तरच्या दशकात आपल्याकडून गेलेल्या डॉक्टरांनीच चालवलेले. ते आले तेव्हा त्यांना लायसन्सवाला मालक लागला नव्हता. आज त्यांच्याच खुर्चीवर बसायला निघालेल्याला तो लागतो.

मग त्या मेसेजचं काय?

तर मंडळी, परत माझ्या मामेबहिणीकडे. एवढं वाचल्यावर मी तिला भेटायला गेलो, आणि आम्ही दोघांनी तो मेसेज समोर ठेवून ओळ न ओळ तपासला.

'परीक्षा नको, थेट जीपी.' खोटं. जनरल मेडिकल कौन्सिलची नोंदणी झाल्याशिवाय तिकडे कुणी पेशंटला हात लावू शकत नाही, आणि आपल्याकडच्या नुसत्या एमबीबीएसवर कुणी जीपी होत नाही. आधी जीपीचं प्रशिक्षण तरी लागतं, नाहीतर तेवढाच अनुभव कागदोपत्री सिद्ध करावा लागतो.

'सर्टिफिकेटचे नऊ लाख.' हेही चूक. ३१ डिसेंबर २०२४ पासून लायसन्सची आणि सर्टिफिकेटची फी स्पॉन्सरने कर्मचाऱ्याच्या माथी मारायची नाही, असा स्पष्ट नियम आहे. मारली तर लायसन्स जाऊ शकतं. डॉक्टरने भरायची ती स्वतःची परीक्षा फी, नोंदणी फी, व्हिसा फी आणि विमानाचं भाडं, तेही त्या त्या संस्थेला थेट.

मग आम्ही मेसेजमधलं दवाखान्याचं नाव लायसन्सवाल्या स्पॉन्सरांच्या यादीत शोधलं. ब्रिटिश सरकारच्या वेबसाइटवर ही यादी कुणालाही फुकट बघता येते, मोबाइलवरसुद्धा. ते नाव त्यात नव्हतं.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे मला कुणी बोलावलंच नव्हतं." मला वाईट वाटलं. कारण तिला फक्त पैसे वाचल्याचा आनंद व्हावा असं मला वाटत होतं, आणि तिच्या दृष्टीने एक दार बंद झालं होतं. मामीने बांगड्या परत कपाटात ठेवल्या.

आता त्या बांगड्यांचा मुद्दा. आनंदीबाईंनीही बांगड्या विकल्याच होत्या ना, मग फरक काय? फरक असा, की त्यांनी त्या बोटीच्या भाड्यासाठी विकल्या. कार्पेंटरबाईंच्या घरासाठी नाही, बॉडलीबाईंच्या शिष्यवृत्तीसाठी नाही. जाणाऱ्याने आपल्या वाटखर्चाला पैसे घालावेत, ते आजही घालावे लागतात. पण बोलावणं विकत मिळत नाही. मुंबईच्या फंडाने डॉ. पीचींसाठी स्वतःचा पैसा घातला, कार्पेंटरबाईंनी आपल्या घराचं दार उघडलं, आजचा दवाखाना आपलं लायसन्स पणाला लावतो. बोलावणारा नेहमी स्वतःचं काहीतरी पुढे ठेवतो. जिथे तो उलट तुमच्याकडेच हात पसरतो, तिथे बोलावणारा कुणीच नसतो.

हेही सांगायला हवं, की खरी वाटही सध्या सोपी नाही. प्लॅब पास झाला म्हणजे नोकरी मिळाली असं अजिबात नाही, एकेका जागेला शेकडो अर्ज पडतायत. जुलै २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारने जाहीर केलेल्या दहा वर्षांच्या आराखड्यात प्रशिक्षणाच्या जागांसाठी तिकडेच शिकलेल्या डॉक्टरांना प्राधान्य द्यायचं म्हटलंय. म्हणजे दार पुन्हा लोटलं जातंय. १९६२, १९७५, २००६ बघितलं की यात नवीन काही नाही हे कळतं. गरज असते तेव्हा दार उघडतं, गरज भागली की लोटतात. त्या दाराच्या भरवशावर कुणी घरावर कर्ज काढू नये.

मामेबहीण सध्या उल्हासनगरला एका दवाखान्यात नोकरी करते आणि पीजीचा अभ्यास करते. इंग्लंडचं तिने सोडलेलं नाही. या वेळी मात्र ती तिथली यादी स्वतः उघडून बघते.

तुमच्या ओळखीत कुणी डॉक्टर किंवा नर्स असा मेसेज घेऊन बसली असेल, तर हा भाग तिला पाठवा. आज रात्रीच पाठवा, कारण असले मेसेज 'उद्यापर्यंतच ऑफर' म्हणत येतात. भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या!